हेड कोच व्हायचंय म्हणतेस, तर…

प्रिय भाचीबाई,

अनेक आशीर्वाद. तुझा शेवटचा सीझन संपत आला आणि पुढे दोन जागा चालून आल्यात, असं ताईने सांगितलं. एक नावाजलेल्या विद्यापीठात ग्रॅज्युएट असिस्टंटची, म्हणजे मास्टर्स करता करता कोचच्या हाताखाली काम, दुसरी इथे कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात, असिस्टंट कोचची. ताईचा कल पहिलीकडे आहे, आणि मला तो समजतो. सॉफ्टबॉल म्हणजे नक्की काय हे अजून अर्ध्या नातेवाइकांना समजावावं लागतं, निदान विद्यापीठाचं नाव तरी त्यांनी ऐकलेलं असावं! पण तुला हेड कोच व्हायचंय ना? मग कम्युनिटी कॉलेज घे.

पॅटी गॅसो कोण हे तुला सांगायला नको. ओक्लाहोमा विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल संघाची हेड कोच, आठ राष्ट्रीय विजेतेपदं, त्यातली 2021 ते 2024 अशी ओळीने चार. 2023 मध्ये 61 विजय आणि एकच पराभव. हे आकडे तुम्हा मुलींना पाठ असतात, त्याआधीची वर्षं मात्र कुणी विचारत नाही. ती एल कमिनो या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळली, मग लाँग बीच स्टेटमध्ये. त्यानंतर 1990 ते 1994 लाँग बीच सिटी कॉलेजची कोच होती. तुला जी पातळी जरा खालची वाटते ना, तीच ही. 1995 च्या सीझनला ती ओक्लाहोमात आली तेव्हा संघाचं स्वतःचं मैदान नव्हतं. नॉर्मन शहराच्या रीव्हज पार्क या सार्वजनिक बागेत सामने व्हायचे. हक्काचं मैदान 1998 मध्ये झालं. दोन वर्षांनी पहिलं विजेतेपद मिळालं, अंतिम सामन्यात लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला 3-1 हरवून.

दुसरं थेट 2013 मध्ये.

मधली वर्षं बघ. संघ चांगला होता, ओक्लाहोमा सिटीतल्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेपर्यंत अनेकदा पोचला, 2012 मध्ये तर अलाबामाकडून शेवटच्या सामन्यात हरला. म्हणजे चषक नाही, पण दर वर्षी नव्या मुली, बॉल टाकणारी नवी पिचर आणि पुन्हा पहिल्यापासून बांधणी. ही बांधणी गॅसोबाईंनी लाँग बीचला शिकून घेतली असणार, असं मी खात्रीने म्हणते, कारण मी स्वतः कम्युनिटी कॉलेजात शिकवते. आमच्याकडे खेळाडूला खेळाची शिष्यवृत्ती देता येत नाही, तसा राज्यभराचा नियमच आहे. मुली आसपासच्या शाळांमधून येतात, कुणी संध्याकाळी दुकानात काम करते, कुणी घरी धाकट्या भावंडांना सांभाळते. दोन वर्षांत त्या निघून जातात, त्यामुळे दर ऑगस्टला जवळजवळ अर्धा संघ तुझ्यासाठी अनोळखी असतो. पैसे देऊन चांगली पिचर आणण्याची सोय नाही, म्हणून हाताशी असलेल्या मुलीला चेंजअप, म्हणजे फसवा संथ बॉल, शिकवावा लागतो. मोठ्या विद्यापीठात ते काम करायला खास पिचिंग कोच असते आणि तू तिच्यासाठी व्हिडिओ कापत बसशील. व्हिडिओ कापण्यात कमीपणा नाही, पण त्यातून निर्णय घ्यायची सवय लागत नाही.

यावर तू केली इनूये-पेरेझचं नाव पुढे करशील, ओळखते मी तुला. ती यूसीएलए सोडून कुठेच गेली नाही. पिचरचा बॉल झेलणारी कॅचर म्हणून खेळली, विजेत्या संघांत होती, 1994 पासून तिथेच असिस्टंट, 2007 पासून हेड कोच. 2010 आणि 2019 मध्ये विजेतेपद, आणि 2019 ला हरवलं कुणाला, तर गॅसोच्याच ओक्लाहोमाला. खेळाडू, असिस्टंट आणि हेड कोच अशा तिन्ही नात्यांनी तिने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. पण तिच्यावर हेड कोच होती स्यू एन्क्विस्ट, जी स्वतः यूसीएलएचीच जुनी खेळाडू. असं घर आणि अशी घरातली मोठी माणसं फार थोड्यांच्या वाट्याला येतात. शिवाय तिने तेरा सीझन असिस्टंट म्हणून काढले. ग्रॅज्युएट असिस्टंटची जागा दोन वर्षांची असते. ती संपली की तू पुन्हा अर्ज करत फिरणार. या दोन गोष्टी एकसारख्या नाहीत.

तू फारशी मैदानावर दिसली नाहीस, चारही वर्षं बुलपेनमध्ये, पिचर्सच्या सरावाच्या जागेत, त्यांचे बॉल झेलत बसलीस, याचं तुला वाईट वाटतं. मला ते तुझं भांडवल वाटतं. त्रेचाळीस फुटांवरून येणारा, वर चढल्यासारखा वाटणारा राइजबॉल कुठल्या मुलीचा सातव्या इनिंगला मरतो, कुणाचा खाली पडणारा ड्रॉप थंडीत फसतो, कोण चिडली की फक्त आतल्या बाजूला टाकते, हे तुझ्या संघात तुझ्याइतकं कुणाला कळत नसेल. आजपासून रोज लिहून ठेव. शेवटचे सामने सुरू आहेत तोवर डगआउटमध्ये, संघाच्या बाकावर बसून, प्रत्येक पिचचा (टाकलेल्या बॉलचा) तक्ता भर आणि इशारा करून पिचरकडून पुढचा पिच कोणता मागवला असतास ते मनाशी ठरव. मग कोचने काय मागवला ते बघ. जुळलं नाही तर बसमध्ये जाऊन कारण विचार. चांगली कोच चिडत नाही, उलट खूश होते.

पैशांचंही बोलते, कारण ताई ते विचारणारच. वरच्या पातळीवर आता खेळ बदललाय. 2024 मध्ये पिचर निजारी कनाडी स्टॅनफर्ड सोडून टेक्सस टेकला गेली ती दहा लाख डॉलरांहून मोठ्या करारावर, आणि पुढच्याच वर्षी तिचा संघ अंतिम फेरीत होता. तिथला कोच आज निम्मा वेळ ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, असतो. हे तुला कधीतरी शिकावं लागेलच, पण आधी खेळ शिकवायला शीक. आमच्याकडे पगार कमी आहे, खरं आहे, म्हणून मास्टर्स अजिबात सोडू नकोस. ती पदवी असली की कायनेसिऑलॉजीचे, म्हणजे शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचे, वर्ग शिकवता येतात आणि सीझन नसतानाही उत्पन्न येतं. हे मी प्रत्येक मुलीला सांगते आणि बहुतेक जणी दुर्लक्ष करतात.

अजून एक. 1972 मध्ये शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा टायटल नाइनचा कायदा आला तेव्हा कॉलेजांतल्या महिला संघांच्या नव्वद टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या. खेळात पैसा आणि प्रतिष्ठा आली तसं ते प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं. सॉफ्टबॉलची स्थिती त्यातल्या त्यात बरी आहे, तरी मुलाखतीत तुला लग्नाबद्दल आडून विचारतील. उत्तर देऊ नकोस. हसून पिचिंगवर ये.

आणि तूही प्रश्न विचार. पिच कोण मागवतं? शाळांमध्ये खेळाडू बघायला मला एकटीला पाठवाल का? तिसऱ्या बेसपाशी उभं राहून धावपटूंना मी इशारे देणार की हेड कोच? गेल्या पाच वर्षांतल्या असिस्टंट आज कुठे आहेत? शेवटच्या प्रश्नावर समोरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली तर मला लगेच फोन कर, मग दुसऱ्या कॉलेजांची नावं मी देते.

अर्जाचा मसुदा रविवारपर्यंत पाठव. त्यात ‘पॅशनेट’ हा शब्द दिसला तर तिथेच वाचणं थांबवीन.

तुझी,
मावशी