प्वेब्लो लोकांनी १६८० मध्ये स्पॅनिश लोकांना खरंच हाकलून लावलं होतं का?

हो, आणि पुढची १२ वर्षं तिथे बस्तान बसवू दिलं नाही.

ही गोष्ट आजच्या अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची. प्वेब्लो म्हणजे तिथल्या गावांत राहणारे मूळ रहिवासी. स्पॅनिशांकडून मक्याची आणि कापडाची सक्तीची वसुली, वेठबिगारी, वर दुष्काळ आणि आपाचे टोळ्यांचे हल्ले. लोक आधीच पिचलेले. त्यात १६७५ मध्ये स्पॅनिश गव्हर्नरने त्यांच्या ४७ धर्मगुरूंना जादूटोण्याच्या आरोपाखाली धरलं. काहींना फाशी, बाकीच्यांना फटके. फटके खाल्लेल्यांपैकीच एक पोपे, पुढे बंडाचा म्होरक्या झालेला. माझ्या मते ठिणगी इथेच पडली. नुसत्या वसुलीपायी इतकी गावं एक झाली नसती.

कारण या गावांच्या भाषा वेगळ्या, आपसात भांडणंही होती. मग बंडाचा बेत जुळला कसा? धावत जाणाऱ्या निरोप्यांबरोबर गाठी मारलेल्या दोऱ्या पाठवल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. दोन निरोपे पकडले गेले, तेव्हा ठरलेला दिवस अलीकडे ओढून १० ऑगस्टलाच सुरुवात केली. सुमारे ४०० स्पॅनिश मारले गेले, त्यात २१ फ्रान्सिस्कन पाद्री. वसाहतीची राजधानी सांता फेला वेढा घालून पाणी तोडलं, तसा गव्हर्नर ओतेर्मीन उरलेल्यांना घेऊन दक्षिणेला एल पासोकडे निघून गेला.

पुढे एकी मोडली आणि १६९२ मध्ये नवा स्पॅनिश गव्हर्नर दिएगो दे वार्गास सैन्य घेऊन आला. पण एन्कोमिएन्दा, म्हणजे वसाहतवाल्यांना वाटून दिलेला खंडणीचा हक्क, तिथे पुन्हा रुजला नाही. पाद्रीही जुन्या विधींकडे बऱ्यापैकी काणाडोळा करू लागले.