बिडाच्या फ्लायव्हीलचा (इंजिनाच्या जड चाकाचा) बोअर, म्हणजे मधले भोक, अचूक असूनही चाक डुलताना दिसते. ते टाकून भरीव चकतीतून नवे कोरावे का?

टाकू नये. आपण लिहिता की दीडशे मिलिमीटर व्यासाच्या, सहा आऱ्यांच्या या ओतीव चाकाचा बोअर आणि बाहेरचा घेर डायलवर (सूक्ष्म फरक काट्याने दाखवणाऱ्या मापकावर) तंतोतंत जुळतात, तरी वाफेचे मॉडेल चालू केले की चाक वाकडे फिरत असल्याचा भास होतो. तो भास नव्हे. दोष बोअरमध्ये नसून, चाक लेथच्या चकमध्ये (काम पकडणाऱ्या जबड्यांमध्ये) बांधताना केंद्र कोणत्या पृष्ठावरून धरले त्यात आहे.

ओतीव चाकाच्या बाहेरच्या घेरावर, दोन्ही कडांवर (बाजूच्या सपाट पृष्ठांवर) आणि बोअरमध्ये हत्यार फिरते. रिमची (चाकाच्या बाहेरच्या कड्याची) आतली बाजू आणि आरे मात्र साच्यातून आले तसेच राहतात. म्हणून जे कच्चे राहणार आहे त्यावरूनच चाक ट्रू करावे, म्हणजे केंद्रात आणावे, कारण जे कापले जाणार आहे ते कापल्यावर आपोआप केंद्रात येणारच असते. ओतकामात आतला आणि बाहेरचा घेर एकमेकांपासून एक मिलिमीटर जरी सरकलेले असले आणि आपण बाहेरून ट्रू केले, तर तयार रिम एका बाजूला दुसऱ्या बाजूपेक्षा दोन मिलिमीटर जाड होते. डोळा नेमका आऱ्यांच्या टोकाशी, त्या आतल्या कडेवर खिळलेला असतो. शिवाय जाड बाजू जड असल्याने मंद गतीत इंजिन अडखळते ते वेगळेच.

हा वाद मी एकदा पुरता भोगला आहे. आमच्या कार्यशाळेतील एक ज्येष्ठ सहकारी आणि मी एकाच पॅटर्नवरून ओतलेली दोन चाके एकाच वेळी करायला घेतली होती. त्यांनी बाहेरच्या घेरावर डायल लावला आणि काम सुरू केले. मी सर्फेस गेजची, म्हणजे स्टँडवर बसवलेली, सुई रिमच्या आतल्या कडेला लावून चाक हाताने फिरवत बसलो, कारण वाळूच्या खरखरीत पृष्ठावर डायलचा काटा नुसता नाचतो. तिथे सुई आणि कड यांच्यामधल्या फटीतला उजेड पाहणे अधिक खरे ठरते. सुईने काम करणे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, असे ते सर्वांसमोर म्हणाले. माझे चाक चकवर बांधून होईपर्यंत त्यांचे चाक घासूनपुसून तयार होते, हे मी नाकारत नाही.

बांधणीला वेळ लागतो तो असा. चार जबड्यांच्या चकने रिम आतून बाहेर ताणून धरली, तर बाहेरचा घेर, एक कड आणि बोअर एकाच बांधणीत होतात. सहा आऱ्यांच्या चाकात चार जबडे बसणार नाहीत असे वाटते, पण प्रत्येक जबडा जवळच्या आऱ्यापासून पंधरा अंशांवर येईल इतके चाक वळवले की चारही मोकळ्या जागेत बसतात. जबडे बेताने आवळावेत. बीड ताण सोसत नाही आणि पातळ रिम चौकोनी होऊ पाहते. खरड काप झाल्यावर जबडे किंचित सैल करून, सुईने पुन्हा पाहून, मगच शेवटचा हलका काप घ्यावा. पहिला काप मात्र भीतभीत घेऊ नये, कारण वरची साल कडक आणि वाळूमिश्रित असते. हत्याराचे टोक सालीच्या खाली गेले पाहिजे. हायस्पीड स्टीलच्या हत्याराला मिनिटाला वीस मीटर वेग धरला तर या व्यासाला सुमारे 42 फेरे येतात, म्हणजे लेथचा वेग उतरवणारा बॅकगिअर लावावाच लागतो. बोअर ड्रिलनंतर बोअरिंग टूलने सरळ करून शेवटी रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) फिरवावा. ड्रिलमागोमाग थेट रीमर घातला तर तो ड्रिलच्याच वाकड्या वाटेने जातो. दुसरी कड मँड्रेलवर, म्हणजे बोअरमध्ये घातलेल्या दांड्यावर, घ्यावी.

दोन्ही चाके फिरवून पाहिली तेव्हा त्यांचे डुलत होते आणि माझे नव्हते. त्यावर त्यांचे म्हणणे असे की मला ओतकाम चांगले मिळाले. रिमची जाडी चार ठिकाणी कॅलिपरने मोजण्याचा माझा आग्रह मात्र त्यांनी शेवटपर्यंत मानला नाही. डायल खोटे बोलत नाही हे मलाही मान्य आहे. त्याला चुकीच्या जागी प्रश्न विचारला होता, एवढेच माझे म्हणणे होते आणि आहे.

भरीव चकतीचे म्हणाल तर लहान चाकांना, म्हणजे तळहातात मावतील अशांना, तो मार्ग उत्तम आहे, कारण तिथे सगळीच पृष्ठे कापलेली असतात. मोठ्या चाकात रोटरी टेबलावर (काम मोजून फिरवणाऱ्या टेबलावर) आऱ्यांमधल्या खिडक्या कोरण्याचे श्रम मला पटत नाहीत. ओतकाम फारच सरकलेले असेल आणि बाहेर पुरेसा धातू नसेल, तर माझा नियमही थोडा वाकवून मधला मार्ग काढावा लागतो.

आपले चाक आतल्या कडेवरून पुन्हा बांधा, बोअर मोठा करून त्यात बुश (धातूची नळी) ठोकून बसवा, बुशचा बोअर त्याच बांधणीत करा आणि बाहेरून परत काप घ्या. सरक जितकी असेल त्याच्या दुपटीने व्यास कमी होईल. तेवढा धातू नसेल तर निदान आऱ्यांना न लागता रिमच्या आतल्या कडेवर दोन्ही बाजूंनी अरुंद पट्टी कापून घ्या. तोल सुधारणार नाही, पण दिसणारे डुलणे थांबेल.