नवा क्राउन-पिनियन टाकला तरी गाडी रडते

या वेळी आलेली बरीचशी पत्रं गाडीच्या मागच्या एक्सलबद्दलच आहेत, म्हणजे त्यातल्या क्राउन-पिनियनबद्दल (छोटा पिनियन इंजिनाकडून येणारी फिरकी घेतो आणि मोठा दातेरी क्राउन ती चाकांकडे देतो), त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. क्लच आणि ब्रेकवाल्यांनी रागावू नये.

प्रश्न : मिस्त्रीकाका नमस्कार. माझी सोळा टनी सहाचाकी गाडी आहे, कळंबोलीहून लोखंड भरून भिवंडी, वसई अशा फेऱ्या असतात. क्राउनचे दाते उडाले म्हणून कुर्ल्याहून नवीन सेट आणला आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये बसवून घेतला. फिटर चांगला आहे, माझ्यासमोर डायल गेज लावून त्याने प्ले दाखवला, बरोबर ०.३० मिमी आला, मॅन्युअलमध्ये बसतो. पण गाडी चाळीस-पन्नासला गेली की लोडवर हूंऽऽ करून रडते, रेसवरचा पाय सोडला की गप्प. फिटर म्हणतो माल नवीन आहे, घासून घासून बसेल. खरंच बसेल का?
– एक ट्रकमालक, वडाळा

उत्तर : नाही बसणार दादा. क्राउन आणि पिनियन हे कंपनीत जोडीनेच एकमेकांवर घासून तयार करतात, घासायचं जे काही काम असतं ते तिथेच उरकलेलं असतं. दात्यांच्या वर पातळ कडक थर असतो आणि आत पोलाद त्यामानाने मऊ असतं, म्हणून "रस्त्यावर घासून बसेल" याचा अर्थ तो कडक थर घालवून बसेल असा होतो, आणि तो गेल्यावर दाते किती दिवस टिकतात ते तुम्ही एकदा बघितलंच आहे.

आता तुमच्या फिटरने केलं ते चूक नाही, पण अर्धंच आहे. प्ले बरोबर आला म्हणजे सेटिंग बरोबर झालं असं आपल्याकडे जवळजवळ सगळे धरून चालतात आणि माझं सगळ्यात मोठं भांडण याच समजुतीशी आहे. प्ले म्हणजे काय, तर पिनियन धरून ठेवला आणि क्राउन हलवला तर दात्यांमध्ये किती मोकळीक आहे, एवढंच. पण पिनियन क्राउनकडे जरा जास्त आत गेला असेल आणि क्राउन त्याच्यापासून लांब सरकवला तरी ०.३० येतो, आणि पिनियन बाहेर राहिला असेल नि क्राउन त्याच्या अंगावर ढकलला तरी तोच ०.३० येतो! डायलला यातलं काही कळत नाही. दाते एकमेकांना नेमके कुठे टेकतायत हे फक्त छाप, म्हणजे दात्यांना रंग लावून फिरवल्यावर उठणारा डाग, बघून कळतं, आणि तुमच्या पत्रात छापेचा शब्दच नाही, म्हणजे ती घेतलीच नसणार असं मी धरतो.

तरी कॅरियर, म्हणजे क्राउन-पिनियन ज्यात बसवलेले असतात तो मधला भाग, उतरवायच्या आधी बाकीचे संशय काढून टाका. ऑइलची लेव्हल बघा, प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग हलवून बघा. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, डांबरावर वेगळा आणि काँक्रीटवर वेगळा, क्राउनचा आवाज दोन्हीकडे तोच राहतो. लोड असो नसो, पाय सोडा की दाबा, एकसारखी घरघर असेल तर बेअरिंगकडे बघायचं, फक्त वळणावर आवाज येत असेल तर आतल्या स्पायडर गिअरकडे (वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे छोटे गिअर). तुमचा आवाज लोडवर येतो आणि पाय सोडला की जातो, म्हणजे क्राउनच्या दात्याची ओढीकडची बाजू नीट टेकत नाहीये असा माझा अंदाज. तसं असेल तर कॅरियर परत खाली घ्यावं लागेल, इलाज नाही.

खाली घेतल्यावर काय करायचं ते सविस्तर सांगतो, फिटरला वाचून दाखवा, त्याला राग येणार नाही असं बघून.

आधी पिनियन. पिनियनच्या डोक्यावर कोरलेलं असतं, एक जोडीचा नंबर, जो क्राउनवरच्या नंबराशी जुळलाच पाहिजे, आणि दुसरा अधिक किंवा उणे लावलेला छोटा आकडा, बहुतेक सेटवर तो शतांश मिलिमीटरमध्ये असतो. समजा जुन्या पिनियनवर +५ होतं आणि नव्यावर −३ आहे, तर फरक ८ म्हणजे ०.०८ मिमी झाला, तेवढी शिम (अंतर जुळवायला घालतात ती पातळ पत्र्याची चकती) बदलायला हवी. आपल्याकडे काय होतं, जुन्या शिमा धुऊन पुसून जशाच्या तशा परत घालतात, "कंपनीनेच घातलेल्या होत्या" म्हणून. त्या जुन्या पिनियनसाठी होत्या ना बाबा! शिम वाढवायची की कमी करायची हे ती कुठे बसते त्यावर आहे, पिनियनच्या केजखाली (पिनियनची बेअरिंग ज्यात बसतात ते घर) असेल तर शिम वाढवली की पिनियन क्राउनपासून लांब जातो, आणि पिनियनचं डोकं नि बेअरिंग यांच्यामध्ये असेल तर वाढवली की जवळ येतो. चिन्हाचा हिशोब त्याप्रमाणे उलटतो, त्यामुळे तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल समोर ठेवूनच करा.

मग पिनियनच्या बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंग बसवतानाच किती दाबून बसवलंय ते. हातात धरून फिरवून "घट्ट वाटतंय" हे माप नाही. केजला दोरी गुंडाळायची, स्प्रिंगचा वजनकाटा लावून ओढायचं आणि केज एकसारखी फिरत असताना काटा काय दाखवतो ते बघायचं, सुरुवातीचा झटका धरायचा नाही, आणि हे सगळं ऑइल सील बसवायच्या आधी. काट्याचे किलो गुणिले केजची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये. केज १५ सेंमी व्यासाची असेल आणि काटा ३ किलो दाखवत असेल तर ३ गुणिले ७.५, साडेबावीस किलो-सेंमी, म्हणजे साधारण २.२ न्यूटन-मीटर. हेवी एक्सलच्या मॅन्युअलमध्ये नव्या बेअरिंगसाठी ०.५६ ते ५.०८ अशी रेंज दिलेली मी बघितली आहे, तुमच्या गाडीची वेगळी असू शकते. कमी-जास्त असेल तर दोन बेअरिंगच्या मधला स्पेसर बदलायचा, नट कमी-जास्त आवळून काम भागवायचं नाही. नट पूर्ण टॉर्कलाच लागला पाहिजे.

क्राउन डिफरेन्शियलच्या केसवर (ज्या खोळीला तो बोल्टने बसतो) चढवताना हातोडा नको. ७०-८० डिग्रीच्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवला की अलगद बसतो, फक्त लगेच कोरडा करायचा. बसण्याच्या जागेवर धातूची खरखरीत कड (बर) किंवा बोल्टचं जुनं लॉकटाइट राहिलं तर क्राउन वाकडा बसतो आणि मग प्ले एका बाजूला ०.२० आणि समोरच्या बाजूला ०.४० असं होतं, म्हणून प्ले फिरवून चार ठिकाणी घ्यायचा.

आता छाप. निळा रंग किंवा शेंदूर तेलात कालवून क्राउनच्या दहा-बारा दात्यांवर पातळ लावायचा. एकाने लाकडाने क्राउनला अडवून धरायचं आणि दुसऱ्याने पिनियन फिरवायचा, मोकळा फिरवला तर छाप अर्धवट उठते आणि फसवते. मग क्राउनच्या दात्याची फुगीर बाजू बघायची, गाडी पुढे ओढताना लोड त्याच बाजूवर येतो. छाप दात्याच्या मुळाशी पडली तर पिनियन जास्त आत आहे, बाहेर घ्या. शेंड्याला पडली तर पिनियन लांब आहे, आत घ्या. उंचीला मधोमध आली की पिनियनला हात लावायचा नाही, तो झाला. त्यानंतर लांबी बघायची. छाप आतल्या बारीक टोकाला चिकटली असेल तर क्राउन थोडा लांब करा, बाहेरच्या जाड टोकाला गेली असेल तर जवळ आणा. नव्या सेटला छाप मधोमध पण किंचित आतल्या टोकाकडे हवी, कारण लोड आला की ती बाहेर सरकते. रिकाम्या टेबलावर अगदी मध्यावर आणलेली छाप दहा टन लोखंड भरल्यावर बाहेर पळते.

क्राउन सरकवताना दोन्ही बाजूच्या ॲडजस्टर रिंग बरोबरीने फिरवायच्या, एक जितक्या खाचा सैल तितक्याच खाचा दुसरी टाइट, म्हणजे बाजूच्या बेअरिंगचा प्रीलोड हलत नाही. आणि हे सगळं झाल्यावर प्ले परत मोजायचा. ट्रकच्या मध्यम साइझच्या क्राउनला ०.२० ते ०.४६ पर्यंत चालतो, म्हणजे छाप जुळवायला जागा भरपूर आहे. माझं मत विचाराल तर छाप चोख असेल आणि प्ले रेंजमध्ये कुठेही असेल तर मी शांत झोपतो, उलटं असेल तर नाही.

एक लक्षात ठेवा, हे सगळं नव्या सेटचं झालं. जुना चाललेला सेट फक्त बेअरिंगसाठी उघडला असेल तर त्याची छाप मधोमध आणायला जाऊ नका, दाते जिथे घासून चकचकीत झालेत तिथेच परत टेकले पाहिजेत, प्लेसुद्धा उघडायच्या आधी मोजून ठेवायचा आणि तोच परत आणायचा.

फिटरशी भांडू नका. त्याला एवढंच सांगा की कॅरियर एक्सलच्या हाउसिंगमध्ये (बाहेरच्या कवचात) चढवायच्या आधी छापेचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक. ज्याने काम केलंय तो फोटो टाकतो.

प्रश्न : काका, आमचे हे गाडी चालवतात आणि हिशोब मी बघते. पिनियनचे दोन दाते तुटलेत. गॅरेजवाला म्हणतो क्राउन चांगला आहे, भंगारातून नुसता पिनियन आणून देतो, खर्च अर्ध्यावर येईल. हो म्हणू का?
– एक ताई, मानखुर्द

उत्तर : ताई, नको म्हणा. वर लिहिलंय तसं ही जोडी एकत्र जन्मलेली असते, एकाचा नंबर दुसऱ्यावर असतो. दुसऱ्या जोडीतला पिनियन आणला तर शिम कितीही बदला, छाप जुळत नाही, गाडी रडणार आणि थोड्या दिवसांनी क्राउनही जाणार, मग अर्धा खर्च दीडपट होतो.

त्यात दाते मोजून आणले नाहीत तर अजून घोळ. एका सेटला क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ६ दाते, म्हणजे रेशो ६.८३. दुसऱ्याला ३७ आणि ६, म्हणजे ६.१७. दोन्ही पिनियन ६ दात्यांचेच, दिसायला भाऊभाऊ, पण एकाचा दुसऱ्याच्या क्राउनला चालत नाही.

खर्च वाचवायचाच असेल तर वाचवायच्या जागा वेगळ्या आहेत. भंगारातून पूर्ण जोडी, नंबर जुळणारी, दाते न खाल्लेली मिळाली तर घ्यायला माझी हरकत नाही, छाप मात्र काढून बघायची. एक्सल शाफ्ट, स्पायडर, केस हे तपासून चांगले असतील तर तेच परत घाला. पण पिनियनची दोन्ही बेअरिंग कपसकट (बाहेरच्या रिंगसकट) नवी घ्या, कारण तुटलेल्या दात्यांचा चुरा त्यातून फिरलेला असतो. आणि हाउसिंग आतून धुतलं का ते स्वतः उभं राहून बघा ताई, दोन्ही बाजूच्या नळ्यांमध्ये चुरा जाऊन बसतो, नुसता मधला भाग डिझेलने धुतला तर नळीतला चुरा नव्या सेटवर येतो. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर तोही पुसून घ्यायला सांगा.

प्रश्न : बेअरिंगचा कप केजमध्ये ढिला फिरतो. फिटर म्हणाला सेंटर पंचने आतून ठिपके मारतो, टाइट होईल. चालेल का?
– एक ड्रायव्हर, तुर्भे

उत्तर : मुंबईत हा उपाय इतका चालतो की कोणाला यात काही वावगं वाटत नाही. ठिपक्यांची टोकं लोड आला की बसतात आणि कप परत फिरायला लागतो, शिवाय कप वाकडा टेकल्यामुळे वर सांगितलेली शिम, छाप, सगळी मेहनत पाण्यात. केज बदला, किंवा चांगल्या मशीन शॉपमध्ये बोअर करून बुश टाकून घ्या.

प्रश्न : हिंदमाताला पाण्यात गाडी अडकली होती, दोन तास. नंतर हाउसिंगचं ऑइल बघितलं तर दुधासारखं पांढरट. नुसतं ऑइल बदलून भागेल का? आणि कुठलं टाकू, कोणी ९० नंबर सांगतं कोणी १४०.
– एक टेम्पोमालक, लालबाग

उत्तर : पाणी शिरलंय. हाउसिंग चालून तापलेलं असतं, थंड पाण्यात बुडलं की आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर जायची छोटी वाट) पाणी ओढून घेते. लगेच बदलाच, गाडी "जरा चालवून मग" नको, पाणी राहिलं तर बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे डाग पडतात आणि तिथून घरघर सुरू होते. सगळं ऑइल काढा, नवं भरून थोडी गाडी फिरवा आणि परत काढून बघा, अजून पांढरट असेल तर पुन्हा बदला. व्हील हबचं ग्रीसही उघडून बघा.

नंबरपेक्षा डब्यावर जीएल-५ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलंय का ते आधी बघा. या क्राउन-पिनियनचे दाते एकमेकांवर घसरत फिरतात, त्यांना तेच लागतं, गिअरबॉक्ससाठी आणलेलं जीएल-४ उरलंय म्हणून यात ओतू नका. त्यात ८०डब्ल्यू-९० की ८५डब्ल्यू-१४० हे तुमच्या गाडीच्या पुस्तकात असेल तसं. आणि एक्सलच्या वर तो छोटा ब्रीदर असतो ना, चिखलाने बुजलेला, तो काढून साफ करा. तो बुजला की चालताना आतला दाब सीलवर येतो आणि पिनियनच्या सीलमधून ऑइल गळायला लागतं, मग लोक दर दोन महिन्यांनी सील बदलत बसतात आणि सीलवाल्याला नावं ठेवतात.