चेंडू फेकणाऱ्या रोबोटला नेम धरता यावा म्हणून यंत्रणा कशी बनवावी?

चार मीटरवरच्या बास्केटसाठी टरेट (चेंडू फेकणारा भाग तेवढाच फिरवणारा बुरूज) लावावं की अख्खा रोबोट वळवावा, आणि कोन बदलायची सोय हवी का, असं तुम्ही विचारलंय. कॉलेजच्या रोबोकॉन (रोबोट बनवायची स्पर्धा) टीममध्ये शूटर, म्हणजे चेंडू फेकणारा भाग, माझ्याकडे होता, म्हणून लिहितो.

आधी थोडी आकडेमोड. चेंडू सुटतो त्याच उंचीवर बास्केट आहे असं धरा, हवेचा अडथळा सोडून द्या. ४५ अंशांत ४ मीटर जायला वेग लागतो साधारण ६.३ मीटर प्रति सेकंद. उभा कोन एका अंशाने चुकला तर फरक जेमतेम अडीच मिलिमीटर. रोबोटचं तोंड एका अंशाने वळलं तर चेंडू ७ सेंटिमीटर बाजूला. आणि वेग फक्त २ टक्के पडला की १६ सेंटिमीटर आखूड! तरी टीम पैसे ओततात ते कोन बदलणाऱ्या सर्वो मोटरवर.

तेव्हा कोन नट-बोल्टने आवळून टाका आणि चेंडू फेकणाऱ्या चाकांचा आरपीएम (मिनिटाला फेरे) सांभाळा. १० सेंटिमीटर व्यासाच्या, फिरणाऱ्या दोन चाकांमधून चेंडू न घसरता सुटला तर तो १२०० च्या आसपास येईल. फेरे मोजणारा एन्कोडर आणि त्यावरून वेग आपोआप कायम ठेवणारं पीआयडी कंट्रोल हवंच. नुसत्या पीडब्ल्यूएमवर (मोटरला ठरावीक प्रमाणात वीज देणं, वेग न मोजता) बॅटरी उतरली की अंतरही उतरतं. प्रत्येक चेंडूमागे चाक मंदावतं, ते पुन्हा वेगात येईपर्यंत फीडरने (चाकांत चेंडू ढकलणारा भाग) पुढचा चेंडू सोडायचा नाही, ही अट कोडमध्येच घाला.

मग रोबोट जागेवर जखडा, चेंडूला खडूची भुकटी फासा आणि जमिनीवर काळा कागद पसरून मारत राहा. ठिपके एकत्र पण भलतीकडे पडले तर नेम दुरुस्त करता येतो. पांगले, तर टरेट लावूनही काही होणार नाही. हवा कमी झालेले चेंडू आधीच बाजूला काढा, नाहीतर दोष नसलेल्या यंत्रणेत दोष शोधत बसाल.

टरेट? ओम्नी चाकं (कुठल्याही दिशेला सरकू देणारी) असतील तर रोबोटच वळवा. २०२२ च्या दिल्लीतल्या एबीयू (आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियन) रोबोकॉनचा विषय आपली लगोरी होता. त्यात समोरच्या रोबोटच्या डोक्यावरचा चेंडू पाडायचा होता. असं हलतं लक्ष्य असेल तर टरेट कामाचं. मग ते फिरवायला टायमिंग बेल्ट (दातेरी पट्टा) वापरा, स्वस्त गिअरमोटरचा प्लेच (दात्यांमधला ढिलेपणा) एखाद-दोन अंशांचा असतो. दोन्ही टोकांना लिमिट स्विच (टोकाला पोचताच मोटर थांबवणारे) लावा, नाहीतर वायरी पिळून तुटतात. कॅमेरा फिरणाऱ्या भागावरच बसवा, म्हणजे लक्ष्य चित्राच्या मध्यावर आणलं की काम झालं, रोबोटचा कोन वेगळा मोजावा लागत नाही.