शहरी युद्धासाठी सैन्याला कोणतं तंत्रज्ञान लागतं? नुसते ड्रोन घेऊन भागेल का? भारताची तयारी कितपत आहे?

नाही, नुसत्या ड्रोनवर भागणार नाही. मी सैन्यात सिग्नलमध्ये होतो, आता हर्णै बंदरात बोटींचे वायरलेस आणि फिशफाइंडर दुरुस्त करतो. त्यामुळे माझं उत्तर माझ्या धंद्याकडे झुकणार, हे आधीच सांगून टाकतो.

शहरात शिरल्यावर सैन्याचं सगळ्यात आधी काय बंद पडत असेल तर ते बोलणं. बंदुका चालू असतात, पण वरच्या मजल्यावर गेलेली आपली तुकडी नेमकी कुठल्या खोलीत आहे हे खालच्यांना कळेनासं होतं. मग गोळी कुणावर चालवायची?

आमच्याकडे पाच वॅटचा हातातला व्हीएचएफ सेट घेऊन तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान, काही मैलांवरच्या बोटीशी आरामात बोलतो, कारण मध्ये आडवं काहीच नसतं. तोच सेट घेऊन बर्फाच्या कारखान्यात आतपर्यंत जा आणि बाहेरच्याला हाक मारा. दोन स्लॅब आणि एक जाड भिंत मध्ये आली की आवाज तुटायला लागतो, पुढे नुसती खरखर. काँक्रीट आणि त्यातल्या सळ्या मिळून लहरींची वाट लावतात. जीपीएसचं तर विचारूच नका, उपग्रहाचा सिग्नल मुळातच इतका क्षीण असतो की तळघरात त्याची आशाच सोडायची.

म्हणून पैसे आधी मेश पद्धतीच्या सेटवर घालावेत असं माझं मत. यात प्रत्येक जवानाचा सेट दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतो. तुकडी आत जाताना जिन्याच्या वळणावर, कॉरिडॉरच्या कोपऱ्यावर निरोप पुढे ढकलणारे छोटे रिपीटर टाकत जाते, म्हणजे साखळी तुटत नाही. आणि हसू नका, पण तार. तार ओढत नेली की जॅमरचा, म्हणजे रेडिओ बंद पाडणाऱ्या यंत्राचा, बाप आला तरी तिचं काही बिघडत नाही. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंनी तेच केलं. तिथले काही ड्रोन आता रेडिओवर चालतच नाहीत. मागे काचेचा बारीक धागा सुटत जातो, गरीची तंगूस सुटावी तसा, १०-२० किलोमीटरपर्यंत. जॅम करायला हवेतून जाणारा सिग्नलच नाही. गल्लीबोळात तो धागा कुठेतरी अडकून तुटतो, ही त्यातली गोम.

बोलणं बिघडलं की काय किंमत पडते, ते रशियाला चेचन्याच्या राजधानीत, ग्रोझ्नीत कळलं. ३१ डिसेंबर १९९४ ला त्यांच्या चिलखती तुकड्या थेट शहरात घुसल्या. चेचेन लोक तळघरांतून आणि वरच्या मजल्यांवरून रॉकेट मारत होते, आणि रणगाड्याची तोफ तेवढी वरही होत नाही, खालीही होत नाही. रेल्वे स्टेशनपर्यंत गेलेली रशियाची मायकोप ब्रिगेड जवळजवळ संपली. त्यात रशियन सैनिक रेडिओवर उघड्या भाषेत बोलत होते आणि चेचेन ते ऐकत होते! पुढच्या खेपेला, १९९९-२००० मध्ये, रशियाने तोफा आणि विमानं लावून शहरच भुईसपाट केलं. आपल्याला तो रस्ता नाही. आपल्याकडे अशी वेळ आलीच तर शहर आपलं असेल आणि आतली माणसंही आपलीच.

तशी वेळ येऊनही गेली आहे. २६/११ ला दहा जण समुद्रातून आले, कफ परेडच्या कोळीवाड्याजवळ उतरले आणि पुढे जवळपास ६० तास मुंबई अडकून पडली. त्या काळात बोलणं अखंड कुणाचं चालू होतं? त्यांचं. कराचीत बसलेले त्यांचे सूत्रधार टीव्ही बघून फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयानेही २०१२ च्या निकालात त्या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. इकडे ताजमध्ये शिरलेल्या कमांडोंना हॉटेलचा नीट नकाशा मिळाला नव्हता, वाटा दाखवायला हॉटेलचे कर्मचारी लागले. मोठ्या इमारतींचे मजल्यानुसार नकाशे आधीपासून सुरक्षा दलांकडे असणं हे फार स्वस्त काम आहे. ड्रोनसारखं ते फोटोत चांगलं दिसत नाही, एवढाच त्याचा दोष.

भारताकडे काही नाही असं मात्र नाही. २००९ मध्ये एनएसजी या केंद्राच्या कमांडो दलाचं केंद्र मुंबईत आलं, पाठोपाठ राज्य पोलिसांचं फोर्स वन हे कमांडो दल उभं राहिलं. डीआरडीओ या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेने भिंतीपलीकडची हालचाल दाखवणारा 'दिव्यचक्षू' रडार तयार केला. तिच्याच पुण्यातल्या एआरडीई या शस्त्रांच्या प्रयोगशाळेने कोपऱ्याआडून नेम धरता येईल अशी कॉर्नर शॉट बंदूक केली. दोन्ही कामाच्या वस्तू आहेत. पण रडारवर दिसलेली आकृती शत्रूची की पलंगाआड लपलेल्या पाहुण्याची, हे तो रडार सांगत नाही. ते आपल्या माणसांच्या बोलण्यातूनच कळतं, म्हणजे गाडी परत सेटवर येते.

ड्रोन अडवण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण बंदरात बसून ते न सांगणं जमणार नाही. २०२५ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या मच्छीमारांनी आपली जुनी जाळी युक्रेनला पाठवली. तिकडे अशी जाळी खांबांवर ताणून रस्ते झाकतात, ड्रोनचे पंखे जाळ्यात गुंततात. डेन्मार्क-स्वीडनमधूनही जाळी गेली. आमच्याकडे फाटकी जाळी जेट्टीवर ढिगाने पडलेली असतात, त्यांचा असा उपयोग होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आता खरेदीचं. सेटची चाचणी मोकळ्या मैदानावर घेऊ नये, तिथे सगळेच सेट उत्तम वाजतात. तळघर असलेली एखादी रिकामी इमारत घ्या, एक जण खाली, एक जण पाचव्या मजल्यावर, शेजारी जॅमर चालू. त्यात जो सेट बोलेल त्याचं टेंडर पुढे न्यावं, बाकीचे परत पाठवावेत.