लॅटिनमधला परफेक्ट काळ कसा ओळखायचा?

तुमची अडचण अशी की 'अमावी', 'रेक्सी', 'केकिदी' ही तिन्ही रूपं परफेक्टची, म्हणजे क्रिया संपल्याचं सांगणाऱ्या भूतकाळाची, पण त्यांना बांधणारं एक सूत्र काही सापडत नाही. तसं सूत्र नाहीच. मीही सुरुवातीचे दोन महिने त्याच्या मागे घालवले.

सारखे आहेत ते प्रत्यय: ई, इस्ती, इत, इमुस, इस्तिस, एरुंत. झाडून सगळ्या क्रियापदांना हेच लागतात. बदलतं ते अंग, म्हणजे प्रत्ययाआधीचा भाग, आणि ते शब्दकोशात तिसऱ्या जागी दिलेलं असतं: अमो, अमारे, अमावी, अमातुम. 'अमावी'तली ई काढा, उरलेल्या 'अमाव्'ला प्रत्यय जोडा, झालं काम. म्हणून क्रियापद पाठ करताना चारही रूपं एका दमात म्हणायची, शाळेत 'रामः रामौ रामाः' म्हणायचो तशी.

अंग बनायच्या तऱ्हा मोजक्याच आहेत. 'व' किंवा 'उ' येतो (अमावी, मोनुई). 'स' येऊन आधीच्या व्यंजनाला चिकटतो: रेगो, रेक्सी, स्क्रीबो, स्क्रीप्सी. कधी नुसता स्वर दीर्घ होतो: 'विदेत' म्हणजे तो पाहतो, 'वीदित' म्हणजे त्याने पाहिलं. आणि माझी आवडती तऱ्हा म्हणजे द्वित्व, सुरुवातीचं व्यंजन दोनदा येणं. शाळेत संस्कृत घेतलं असेल तर लिट् लकार (परोक्ष भूतकाळ) आठवा: दा, ददौ; तुद्, तुतोद. लॅटिनमध्ये 'दो'चं 'देदी' आणि 'तुंदो'चं 'तुतुदी'. ही निव्वळ योगायोगाची जुळणी नाही, दोन्ही भाषा एकाच घरातल्या. 'फेरो'चं 'तुली' मात्र मुकाट्याने पाठ करा.

खरी फजिती वाचताना होते, कारण छापील मजकुरात दीर्घ स्वरांवरच्या रेघा बहुधा नसतात. 'केकिदित' म्हणजे तो पडला, 'केकीदित' म्हणजे त्याने कापलं. मी एकदा झाडावरून पडलेल्या माणसाला झाड तोडायला लावलं होतं. 'वेनित' तर 'येतो'ही आणि 'आला'ही. फरक फक्त ए ऱ्हस्व की दीर्घ एवढाच, आणि तो आपल्या देवनागरीतही दाखवता येत नाही. तिथे आजूबाजूची वाक्यंच पाहावी लागतात.

कर्मणीत मराठी कामी येते. 'एपिस्तुला स्क्रीप्ता एस्त': चिठ्ठी लिहिली गेली. 'लिबेर स्क्रीप्तुस एस्त': ग्रंथ लिहिला गेला. लिंगाप्रमाणे रूप बदलतं हे आपल्याला शिकवावं लागत नाही. फक्त 'एस्त' म्हणजे 'आहे', म्हणून 'लिहिली जात आहे' असा वर्तमानकाळ करू नका. नवख्यांची ही हमखास चूक.

अर्थाचं म्हणाल तर 'आला' आणि 'आला आहे' हे दोन्ही त्या एकाच रूपात बसतात. क्रिया संपली, हा भाव पक्का. इ.स.पू. 63 मध्ये रोममध्ये कट करणाऱ्या कातिलिनाच्या साथीदारांना मारल्यावर तिथला कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) सिसेरो याने लोकांना एवढंच सांगितलं म्हणतात: 'वीक्सेरुंत', ते जगले. म्हणजे आता नाहीत.

आणि हो, 'अमावित' व 'अमाबित' यांत गल्लत करू नका. पहिला भूतकाळ, दुसरा भविष्यकाळ. घोटाळा झालाच तर वाईट वाटून घेऊ नका. उत्तरकाळातल्या थडग्यांवर खुद्द लॅटिन बोलणाऱ्यांनीच 'वीक्सित'च्या जागी 'बीक्सित' कोरून ठेवलंय.