घरी नीट लागणारा आवाज लोकांसमोर कापतो, काय करावं?

घरी गाणं व्यवस्थित होतं, चारचौघांत मात्र पहिल्याच ओळीला आवाज थरथरतो, आणि दीड महिन्यानं गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात एक भावगीत आणि एक अभंग म्हणायचाय, असं तुम्ही लिहिलंय. 'आत्मविश्वास ठेवा' हे आतापर्यंत पुष्कळांनी सांगून झालं असेल, म्हणून ते सोडून देऊ.

भीती वाटली की श्वास छातीच्या वरच्या भागातच घुटमळतो, तोंडाला कोरड पडते, मान आणि जिभेचं मूळ आवळतं. त्यामुळे लांबवलेला स्वर कापतो, वरचा स्वर पोचत नाही आणि लय पळते. हे तिन्ही होणारच असं धरून गाणं बसवा. भीती गेल्यावर गाऊ म्हणणारे थांबूनच राहतात. वर्षानुवर्षं मैफली करणाऱ्यांनाही पडदा उघडण्याआधी पोटात गोळा येतोच.

सगळ्यात आधी पट्टी, म्हणजे आपला 'सा' कोणत्या स्वरावर धरायचा ते. माझ्या मते अर्ध्याहून जास्त घबराट चुकीच्या पट्टीतून येते, आणि नेमकं तेच कोणी तपासत नाही. मूळ गाण्याच्या पट्टीत गायचा हट्ट सोडा. अंतऱ्यातला (कडव्यातला) सगळ्यात वरचा स्वर शोधा आणि त्याच्याही वर दोन स्वर (म्हणजे पेटीवरची लगतची दोन बटणं, काळी-पांढरी दोन्ही धरून) आरामात लागतील अशी पट्टी ठरवा. काळी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या काळ्या बटणावर 'सा' धरून) जेमतेम पोचत असाल तर सरळ काळी चार घ्या. मात्र खालचे स्वर विरून जातील इतकंही उतरू नका; मांडवात ते ऐकूच येत नाहीत. पट्टी संध्याकाळी, कार्यक्रमाच्या वेळेलाच ठरवा, कारण सकाळी आवाज जड असतो आणि अंदाज चुकतो. एकदा ठरली की वहीत गाण्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. ऐनवेळी पेटीवाल्यानं 'कुठून घेऊ?' विचारल्यावर गोंधळ नको.

आता पहिली ओळ. घरी आपण अर्धा तास रियाज झाल्यावर गाणं म्हणतो, तेव्हा गळा तापलेला असतो. कार्यक्रमात तासभर खुर्चीत बसून एकदम उठायचं असतं. म्हणून दिवसातून चार-पाच वेळा, हातातलं काम सोडून, काहीही तयारी न करता फक्त पहिल्या दोन ओळी म्हणा. आठवड्यानंतर दोन जिने भरभर चढून, छाती धडधडत असतानाच त्या म्हणा. सुरुवातीला वाईट होईल. पण धडधडत्या छातीनं श्वास कुठे घ्यायचा हे शरीर यातूनच शिकतं. हृदयविकार किंवा दमा असेल तर जिन्याचा प्रकार करू नका.

श्वासाबद्दल एक उलटा सल्ला: गाण्याआधी छाती भरून हवा घेऊ नका. ठासून भरलेली हवा आवरायला गळा आणखी आवळतो आणि कापरं वाढतं. आधी हवा पूर्ण सोडा, मग खांदे न उचलता पोटाकडे जाईल इतकीच घ्या. रोज पाच मिनिटं, चार मात्रा श्वास आत आणि आठ मात्रा 'स्स्स' करत बाहेर. वहीत श्वासाच्या जागांवर पेन्सिलीनं खूण करा आणि दर वेळी तिथंच श्वास घ्या. शब्द मधेच तुटला की ऐकणाऱ्याच्या आधी गाणाराच दचकतो.

सरावाचे दोन वेगळे प्रकार ठेवा. एकात चूक झाली की थांबा, ती जागा दुरुस्त करा. दुसऱ्यात काहीही होवो, थांबायचं नाही. शब्द विसरला तर 'आ'कारात ओळ पुरी करा. सम (तालाची पहिली मात्रा) हुकली तर एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, गप्प राहा, पेटी भरून काढेल, आणि पुढच्या मुखड्याला (परत परत येणाऱ्या पहिल्या ओळीला) शिरा. बहुतेक जण फक्त पहिला प्रकार करतात, म्हणून चुकल्यावर थांबायची आणि जीभ चावायची सवय पक्की होते. कार्यक्रमात नेमकं तेच होतं.

माणसांची सवय पायरीपायरीनं करा. पहिल्या आठवड्यात फक्त मोबाइलवर रेकॉर्डिंग. ते बटण दाबलं तरी घशाला कोरड पडते. लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका: एकदा फक्त सुरासाठी, एकदा शब्दांसाठी. आपला आवाज परका वाटेल. एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, फोनमध्ये तो भाग नसतो, म्हणून तसं वाटतं. मग घरातला एक माणूस, मग चार-पाच शेजारी, आणि शेवटच्या आठवड्यात जमलं तर त्याच व्यासपीठावर, रिकाम्या खुर्च्यांसमोर.

माईकबद्दल सविस्तर सांगणं भाग आहे, कारण शिकवणीत हे कोणी शिकवत नाही. ओठांपासून चार बोटं अंतर ठेवा, तार सप्तकात (वरच्या स्वरांना) वीतभर मागे न्या. जाळीवर मूठ आवळली की शिट्टी वाजते, दांड्याला धरा. ध्वनिव्यवस्थेवाल्याला दोन गोष्टी सांगा: माझ्या बाजूच्या स्पीकरमध्ये माझा आवाज आणि पेटी द्या, आणि एको कमी करा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस नकळत ओरडतो आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गळा बसतो. मंडळांना एको फार आवडतो, पण परतून येणाऱ्या आवाजामागे लय फरफटते. तपासणीच्या वेळी 'हॅलो, चेक' म्हणू नका, अंतऱ्याची सगळ्यात जोरकस ओळ गा. तुमच्या बाजूला स्पीकरच नसेल तर पेटीच्या जवळ उभे राहा आणि एका कानावर बोट ठेवा. बसून गायची सोय असेल तर बसाच, पाय कापण्याचा प्रश्न मिटतो.

त्या दिवशी अंतरा 'एकदा बघू या' म्हणत दहा वेळा गाऊ नका. संध्याकाळचा आवाज दुपारीच संपतो. पंधरा-वीस मिनिटं पुरे: तोंड मिटून गुणगुण, ग्लासातल्या पाण्यात दोन बोटं स्ट्रॉ बुडवून 'ऊ'कार, खर्जात (खालच्या स्वरांत) ओंकार, मग मध्य सप्तकात साधे पलटे (सारेग, रेगम असे स्वरांचे क्रम). दिवसभर थोडं थोडं पाणी प्या. ऐनवेळी प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, अन्ननलिकेतून जातं. त्यानं फक्त तोंड ओलं होतं. खडीसाखर चालेल. लवंग मात्र आधी चघळू नका, तिनं घसा थोडा बधिर होतो आणि जोर जास्त लागतोय हे कळतच नाही. वडे, भजी कार्यक्रमानंतर. खाकरू नका, आवंढा गिळा.

क्रम तुमच्या हातात असेल तर अभंग आधी घ्या. ठेका ठाम असतो, शब्द भराभर पुढे जातात आणि टाळकरी साथीला असतात. भावगीताची लांबवलेली ओळ थंड गळ्यानं पहिल्यांदाच घेतली तर कापरं लगेच उघडं पडतं. कापरं आलंच तर आवाज बारीक करू नका, हवेचा दाब कमी पडून ते वाढतं. मध्यम आवाजात शब्द स्पष्ट टाका. मुखडा उचलण्याआधी मनात एक पूर्ण आवर्तन मोजा आणि हातानं लय द्या, नाहीतर तबलजी तुमच्या घाईमागे धावेल.

छातीची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या कोणी सुचवेल. प्रोप्रानोलॉलसारखी औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, दमा असलेल्यांना ती धोक्याची ठरतात. आणि आवाज दोन-तीन आठवडे घोगराच राहिला तर तो भीतीचा भाग नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरतंतू तपासून घ्या.